धूर, सुकियाकी आणि मैना

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गिटारचा क्लास चालतो. दर जूनमध्ये नवी मुलं येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास, तीच बारा सुरांची ओळ जिन्यातून वर यायला लागते. शून्य-तीन-पाच. शून्य-तीन-सहा-पाच. शून्य-तीन-पाच-तीन-शून्य. हे आकडे म्हणजे गिटारच्या दांडीवरचे फ्रेट. शून्य म्हणजे मोकळी तार, तीन म्हणजे तिसऱ्या फ्रेटवर बोट. सगळं एकाच तारेवर वाजवता येतं, म्हणून नवशिक्याला आधी हेच शिकवतात. एकदा पाठीवर गिटार लटकवलेला एक मुलगा जिन्यात भेटला. त्याला विचारलं, "हे गाणं कशावर आहे रे?" तो थबकला. "काका, याला शब्दपण आहेत?"

आहेत. आणि ते शब्द म्हणजे जवळजवळ पोलिसांचा पंचनामा आहे.

डिसेंबर १९७१. डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो या गावी उतरला होता. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचा तिथला कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार होता. रिकाम्या सभागृहात गाणी ध्वनिमुद्रित करायची, असा बेत. यंत्रसामग्री म्हणून रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे एक ट्रकच, भाड्याने आणला होता. फक्त त्याआधी कॅसिनोत हंगामातला शेवटचा कार्यक्रम व्हायचा होता, फ्रँक झापा आणि त्याच्या बँडचा. ४ डिसेंबरला तो चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे समुद्रात संकटाचा इशारा द्यायला वापरतात ते दारूकामाचं पिस्तूल, छताच्या दिशेने झाडलं. छत वेताचं. बघता बघता कॅसिनो पेटला. माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचा संचालक क्लोद नॉब्स धावत आत-बाहेर करत पोरांना ओढून काढत होता. नशीब असं की कुणाचा जीव गेला नाही. झापाच्या बँडची सगळी वाद्यं मात्र जळून गेली. डीप पर्पलची मंडळी हॉटेलातून बघत होती. समोर सरोवराच्या पाण्यावर धुराचा थर पसरत चालला होता.

काही दिवसांनी बँडचा बेस गिटारवादक रॉजर ग्लोव्हर झोपेतून जागा झाला तो तोंडात 'स्मोक ऑन द वॉटर' हे शब्द घेऊनच. बाकीच्यांना आधी धास्ती वाटली, की लोकांना हे नशापाण्याचं गाणं वाटेल. दरम्यान गावातल्या एका नाट्यगृहात त्यांनी रात्री वाजवायला सुरुवात केली तर आवाजाने शेजारी वैतागले आणि दारावर पोलीस आले. ज्या सुरावटीच्या मुद्रणात हे घडलं, तीच ही बारा सुरांची ओळ. शेवटी हिवाळ्यामुळे बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार बोळात, भिंतींना गाद्या टेकवून, आल्बम पुरा झाला. मार्च १९७२ मध्ये 'मशीन हेड' या नावाने तो बाजारात आला.

गाण्यात हे सगळं आहे. गाव कुठलं, कुणाचा कार्यक्रम होता, आग कशाने लागली, क्लोद काय करत होता, नंतर हॉटेल कुठलं मिळालं. पंचनाम्यात उणं ते एवढंच की साक्षीदारांच्या सह्या नाहीत. आणि इतकं नावनिशीवार सांगूनही पन्नास वर्षांनी आमच्या जिन्यात पोचले ते बारा सूर. आग वाटेतच विझली.

    

आता अगदी उलट प्रकार बघू. घटनेचं नावही न घेणारं गाणं.

१९६० च्या उन्हाळ्यात टोकियो पेटलेलं होतं, वेगळ्या अर्थाने. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराचं नूतनीकरण पंतप्रधान किशी यांना कुठल्याही परिस्थितीत पार पाडायचं होतं. १९ मेच्या रात्री संसदेत ठिय्या देऊन बसलेल्या विरोधी खासदारांना पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास करार मंजूर करून घेतला. त्यानंतर लाखो लोक रस्त्यावर आले. १५ जूनला संसदेच्या आवारातल्या झटापटीत काम्बा मिचिको ही टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मरण पावली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला, किशींना खुर्ची सोडावी लागली, पण करार राहिला तो राहिलाच. १९ जूनला आपोआप पक्का झाला.

या मोर्चांमध्ये एइ रोकुसुके नावाचा एक तरुण लेखक चालत होता. दूरचित्रवाणीसाठी लिहून पोट भरणारा. हरलेल्या मोर्चातून घरी परतताना मनात जे दाटलं होतं त्यातून त्याला एक गाणं सुचलं: 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर बघत चालू या'. वर का बघायचं, तर डोळ्यांतलं पाणी खाली ओघळू नये म्हणून. रात्र आहे, माणूस एकटा आहे, चालतो आहे. बस्स. तो का रडतोय हे गाणं सांगतच नाही. करार नाही, संसद नाही, ती मुलगीही नाही. चाल दिली नाकामुरा हाचिदाईने आणि गायलं साकामोतो क्यूने, तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा. जपानीत रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ. म्हणून लोक या तिघांना '६-८-९ चं त्रिकूट' म्हणायचे. नाकामुराची चालही रडकी नाही, छान ठेक्यातली आहे, मध्येच शीळ आहे. मुखड्याचे सूर बहुतेक सा, रे, ग, प, ध या पाचांतच फिरतात, म्हणजे आपल्या भूपाचेच. पहिल्यांदा ऐकताना मराठी कानाला ते परकं का वाटत नाही, त्याचं एक कारण हे असावं.

१९६१ मध्ये आलेलं हे गाणं जपानात तुफान चाललं. लोकांनी ते प्रेमभंगाचं गाणं म्हणून ऐकलं, आणि तसं ऐकण्यात चूक काहीच नव्हती, कारण शब्द तेच सांगतात. मग ते इंग्लंडला गेलं. तिथल्या ध्वनिमुद्रिका कंपनीला ते नाव काही झेपेना. 'सुकियाकी' हा एक जपानी शब्द मात्र इंग्रजांच्या जिभेवर बसणारा होता, तोच चिकटवला. सुकियाकी म्हणजे गोमांस, भाज्या आणि टोफू गोडसर रश्श्यात घालून टेबलावरच शिजवतात तो पदार्थ. गाण्याशी त्याचा संबंध शून्य. उद्या कुणी 'शुक्रतारा'ला 'मिसळपाव' असं नाव देऊन परदेशात विकावं, तसंच हे.

अमेरिकेत ते आधी वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को या लहानशा शहरात वाजलं. तिथल्या रेडिओवरच्या निवेदकाने लावलं आणि श्रोत्यांचे फोन सुरू झाले. मग कॅपिटॉल कंपनीने ते देशभर काढलं. एक अक्षरही न कळणाऱ्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं, तेही महायुद्ध संपून अठराच वर्षं झालेली असताना. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. तिथे पोचल्याची यादीवरची तारीख आहे १५ जून १९६३. काम्बा मिचिकोला जाऊन त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. ज्या देशाबरोबरच्या कराराविरुद्ध चालताना ते सुचलं, त्याच देशात ते रेडिओवर दिवसभर वाजत होतं आणि वाजवणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यानंतर जपानी भाषेतलं दुसरं कुठलंही गाणं त्या जागी पोचलेलं नाही.

पुढे गाण्याला आणखी एक मरण चिकटलं. १२ ऑगस्ट १९८५ ला टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळलं. ५२० माणसं गेली, चार वाचली. गेलेल्यांत त्रेचाळीस वर्षांचा साकामोतो क्यू होता. तेव्हापासून हे गाणं लागलं की लोकांना आधी तो आठवतो. आणि २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य जपान उद्ध्वस्त झाला तेव्हा धीराचं गाणं म्हणून पुन्हा हेच बाहेर आलं. राजकीय पराभव, प्रेमभंग, अपघात, भूकंप. अश्रूंचं कारण कोरं ठेवल्यामुळे ज्याने त्याने ते आपापलं भरलं.

कोऱ्या जागेत लोक काय भरतील याचा मात्र नेम नाही. पोलीस या बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गाणं स्टिंगने १९८२ मध्ये स्वतःचा संसार मोडत असताना जमैकात लिहिलं. सोडून गेलेल्या बाईवर अहोरात्र पाळत ठेवणाऱ्या माणसाचं ते गाणं आहे. पाश्चात्त्य देशांत ते लग्नात वाजवतात, नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला. स्टिंगचं त्यातल्या काळ्या छटेबद्दल मुलाखतींतून परोपरीने सांगून झालं. लग्नं थांबलेली नाहीत.

आपल्याकडे गाण्यांच्या जन्मकथा सांगायची हौस दांडगी आहे, आणि कधीकधी कथाच गाण्याला गिळते. 'ऐ मेरे वतन के लोगो'चं नाव काढा, समोरचा माणूस लगेच नेहरूंच्या डोळ्यांतलं पाणी सांगतो. मग माहीमच्या समुद्रावर फिरताना कवी प्रदीपांनी सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदावर ओळी टिपल्या, ती गोष्ट येते. चाल बांधणारे सी. रामचंद्र आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, हे त्या मानाने कमी वेळा ऐकू येतं. या सगळ्यात जे मागे पडतं ते गाण्यामागचं चीनबरोबरचं युद्ध, आणि त्यातलं रेझांग ला. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमधल्या त्या खिंडीत मेजर शैतानसिंग यांच्या तुकडीने शेवटच्या गोळीपर्यंत लढत दिली. सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक तिथेच पडले. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाई हे गाणं गायल्या ती तारीख २७ जानेवारी १९६३. त्या जवानांचे देह सापडले फेब्रुवारी १९६३ मध्ये, हातात शस्त्रं तशीच धरलेली. म्हणजे स्टेडियममध्ये माणसं डोळे पुसत होती तेव्हा ती तुकडी अजून बर्फाखालीच होती. या गाण्याची गोष्ट सांगताना मला तरी आता ही दोन तारखांमधली जागा आधी आठवते, नेहरू नंतर.

आता ज्या गाण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो. अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड, 'माझी मैना गावावर राहिली'.

हे गाणं ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. बहुतेकांच्या कानात ते विठ्ठल उमपांच्या खड्या आवाजात आहे. आणि बहुतेकांच्या लेखी ते मुंबईला आलेल्या गड्याने गावाकडच्या बायकोची काढलेली आठवण आहे. तिचं रूप, तिचं चालणं, निघताना तिने धरलेली वाट, मग मुंबईतली उपासमार आणि परवड. छक्कड हा तमाशातला गाण्याचा प्रकार, झटकेबाज, शृंगाराला सोयीचा. 'मैना' हा शब्दही तिथलाच, राघू-मैनेच्या जोडीतला. त्यामुळे पहिली कडवी ऐकताना कुठेही काही खटकत नाही.

शेवटाकडे गाणं वळण घेतं. गडी म्हणतो की माझी न् मैनेची जशी ताटातूट झाली, तशीच गत महाराष्ट्राची झाली. आणि मग गावांची नावं येतात: बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव. इथवर ज्याला बायकोची आठवण समजत होतो तो संयुक्त महाराष्ट्राच्या, म्हणजे मुंबईसह सगळ्या मराठी मुलखाचं एक राज्य मागणाऱ्या चळवळीच्या, सभेचा फड निघतो. मैना म्हणजे बाहेर राहिलेला मुलूख.

हे वळण कागदावर वाचलं तर थोडं चिकटवल्यासारखं वाटेल. ऐकणारे कोण होते ते डोळ्यांपुढे आणलं की वाटत नाही. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावचे, आजच्या सांगली जिल्ह्यातले. मातंग समाजात १९२० मध्ये जन्मलेले, पोटासाठी लहानपणीच मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत त्यांचं लाल बावटा कलापथक ज्या गिरणगावात उभं राहायचं, तिथे परळ-लालबागच्या चाळींत एकेका गाळ्यात एकाच गावचे पंधरा-वीस गडी राहत. पाळी बदलली की वळकटी बदलायची, एक उठला की त्याच जागी दुसरा आडवा. जेवायला खानावळ. बायका-पोरं कोकणात नाहीतर घाटावर. दर महिन्याला मनीऑर्डर, आणि भेट शिमग्याला किंवा गणपतीला. समोरच्या मैदानातला जवळजवळ प्रत्येक माणूस आपापली मैना गावावर ठेवून आलेला होता.

आणि चळवळीची भाषा काय होती? भाषिक टक्केवारी, तालुक्यांच्या सीमा, राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल, द्वैभाषिक की त्रिराज्य. हे मुद्दे महत्त्वाचेच, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या काळजाला ते कशाला हात घालतील? अण्णा भाऊंनी आयोगाचा अहवाल बाजूला ठेवला आणि त्या माणसाला आधीच जे दुखत होतं तिथे बोट ठेवलं. ताटातूट काय असते हे तुला मी सांगायला नको, आता हीच ताटातूट नकाशावर बघ. एइ रोकुसुकेच्या हातून राजकीय पराभव वितळून नुसतं एकाकीपण उरलं. अण्णा भाऊंनी उलटा प्रवास केला, गिरणी कामगाराच्या एकाकीपणातून राजकारण उभं केलं. टोकियोतला तो मोर्चा आणि गिरणगावातला हा फड यांच्यात पाच-सहा वर्षांचंच अंतर आहे.

किंमत किती मोजली गेली ते हुतात्मा चौकात लिहिलेलं आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईभर झाला. चळवळीत शंभरावर माणसं गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, मुंबईसह. गाण्यातलं मात्र एकही गाव आलं नाही. बेळगाव, कारवार, निपाणी १९५६ मध्येच तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली होती, डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेली, गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि पुढे वेगळाच राहिला. सीमाभागासाठी महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

मैना मात्र प्रेमिकांच्या यादीत जाऊन बसली. कारण साधं आहे. छक्कड लांब आहे, कार्यक्रमांत पहिली दोन-तीन कडवी घेतात, टाळ्या मिळतात आणि पुढचं गाणं सुरू होतं. वळण येण्याआधीच गाणं संपतं. माँत्रोच्या गाण्यातली आग शब्दांकडे कुणी लक्ष न दिल्याने विझली, इथे शब्दच कापले जातात.

काही वर्षांपूर्वी १ मेच्या एका संध्याकाळी, आमच्या भागातल्या मोकळ्या मैदानावर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मराठी गाण्यांचा कार्यक्रम होता. निवेदिका गोड हसून म्हणाली, "आणि आता एक रांगडं प्रेमगीत." ढोलकी कडाडली. गायक तयारीचा होता, दुसऱ्या कडव्याला पोरं शिट्ट्या मारायला लागली. तिसरं झालं, गायकाने तान घेऊन हात वर केला, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते, मुलाकडे राहायला आलेले, मूळचे निपाणीचे. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि रंगमंचाच्या दिशेने, फारसा आवाज न चढवता, म्हणाले, "शेवटचं कडवं म्हणा की ओ. आमचं गाव त्यातच हाय."

ढोलकीवाल्याने पुढच्या गाण्याचा ठेका धरला होता.